शून्य सेकंदांची फाइल रिकामी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मारबत आणि गणेशोत्सव तोंडावर आले आहेत, पाठोपाठ दीक्षाभूमीचा सोहळा येईल. मिरवणुकीतल्या मुलाखती असोत की मंडळांची व्याख्याने, नागपुरात आता सगळीकडे कॉलरला लावायचे छोटे वायरलेस ट्रान्समीटर दिसतात. यांतले बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. गर्दीत हजारो मोबाइल असतात, शिवाय माणसांची शरीरेही सिग्नल शोषतात. त्यामुळे रिसीव्हरवर आवाज तुटतो. अशा वेळी ट्रान्समीटरच्या आतल्या मेमरीत होणारे रेकॉर्डिंगच कामी येते. नेमके तेच बॅटरी संपून किंवा यंत्र हँग होऊन अर्धवट राहिले, की फाइल ० सेकंदांची दिसते आणि कुणीतरी सांगते, "करप्ट झाली, फॉरमॅट मारा." हा सल्ला घातक आहे, कारण आवाज बहुतेक वेळा आत शाबूत असतो.

असे रेकॉर्डिंग बहुधा वेव्ह (.wav) प्रकारच्या फाइलमध्ये होते. तिच्या सुरुवातीला साधारण ४४ बाइटचे शीर्षक (हेडर, म्हणजे फाइलची माहिती देणारा भाग) असते, काही यंत्रांत त्याहून मोठे. आवाज किती लांबीचा आहे, हा आकडा तिथे रेकॉर्डिंग थांबवल्यावर भरला जातो. वीज मध्येच गेली की आवाज लिहिलेला राहतो, आकडा मात्र शून्यच. मेमरीच्या फाइल-यादीतही तीच गत होते.

म्हणून पहिली गोष्ट, त्या ट्रान्समीटरवर पुन्हा रेकॉर्डिंग करू नये. काही मॉडेल सुरू करताच आपोआप रेकॉर्ड करू लागतात, तेव्हा बटण दाबण्याआधी हे सेटिंग माहीत हवे. संगणकाला जोडल्यावर विंडोजने 'स्कॅन अँड फिक्स' विचारले तर नकार द्यावा. त्या दुरुस्तीत अर्धवट फाइलचा भाग मोकळा करून टाकला जाऊ शकतो. आधी संपूर्ण मेमरीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, संगणकावर काढावी. विन३२ डिस्क इमेजर या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'रीड' दाबायचे. शेजारच्या 'राइट'वर बोट गेले तर सगळेच पुसले जाईल. पुढचे सारे प्रयोग या प्रतीवरच करावेत.

फाइलचा आकार दिसत असेल, फक्त ती वाजत नसेल, तर काम सोपे आहे. ऑडॅसिटी या मोफत मिळणाऱ्या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा या क्रमाने जावे. साइन्ड २४-बिट पीसीएम, लिटल-एंडियन, मोनो, ४८००० हर्ट्झ आणि ऑफसेट (सुरुवातीचे किती बाइट सोडायचे तो आकडा) ४४ असे भरावे. ३२-बिट फ्लोट यंत्र असेल तर तो पर्याय निवडावा. नुसती खरखर आली म्हणून निराश होऊ नये. २४-बिटमध्ये आवाजाचा प्रत्येक नमुना (सॅम्पल) ३ बाइटचा असतो, एक बाइट सरकला तरी सगळा गोंगाट होतो. ऑफसेट ४५, मग ४६ करून पाहावा. ४४१०० हर्ट्झ भरल्यावर आवाज जड आणि संथ वाटला तर त्याच्या जागी ४८००० हवे असते.

फाइलच ० बाइट दिसत असेल तर अख्खी प्रतिमा याच पद्धतीने उघडावी. इथे ऑफसेट ०, १, २ असे तपासावेत. गोंगाटाच्या पट्ट्यात बोलण्याची लहर डोळ्यांना लगेच वेगळी दिसते, तेवढा तुकडा कापून घ्यावा. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट मोनो आवाज तासाला सुमारे ५१८ एमबी जागा घेतो, त्यावरून कुठवर शोधायचे याचा अंदाज येतो. जुन्या फाइली वरचेवर पुसलेल्या मेमरीत मात्र तुकडे विखुरलेले सापडतात आणि जुळवताना घाम फुटतो. काही कंपन्या स्वतःचाच फाइल-प्रकार वापरतात. तिथे त्यांचे सॉफ्टवेअर आधी वापरावे.

जुन्या लिथियम बॅटरीवर विसंबू नये. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे पडद्यावर चार्ज दिसत असतानाही विद्युतदाब (व्होल्टेज) एकदम कोसळतो आणि फाइल बंद करायला यंत्राला वेळच मिळत नाही. दर अर्ध्या तासाला नवी फाइल करण्याची सोय असेल तर ती सुरू ठेवावी, म्हणजे धोका शेवटच्या तुकड्यापुरताच उरतो.

सीताबर्डीतल्या विक्रेत्यांना आमची कळकळीची विनंती आहे: ट्रान्समीटर विकताना हे दोन मिनिटांत समजावून सांगा, आणि बिघडलेली फाइल घेऊन ग्राहक आला तर फॉरमॅटच्या आधी प्रतिमा काढून द्या.

आपले,
ध्वनिमुद्रण क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, नागपूर