प्रेमाआधी अनामत रक्कम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कोरियन मालिकांवर आलेला लेख वाचला. श्रीमंत घराण्यातला देखणा वारस, गरीब पण मानी मुलगी, पहिल्या बर्फातली भेट, आणि हे सगळं पाहून आपल्या मुलींच्या अपेक्षा बिघडताहेत, असा एकूण सूर होता. तशा मालिका ढिगानं आहेत, नाकारत नाही. दोन-तीन मीही अर्ध्यावर सोडल्या आहेत. पण सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नये, म्हणून हे पत्र.

मी बँकेतून निवृत्त झाले आहे. माझी चौतीस वर्षांची मुलगी पुण्यात भाड्यानं राहते, एकटी. तिच्याकडे मुक्कामाला असताना तिनं मला 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' ही सोळा भागांची मालिका दाखवली. 2017 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर दाखवली गेली. मूळ कोरियन नावाचा अर्थ साधारण 'या जन्मी पहिल्यांदाच आलोय ना, म्हणून' असा. चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणणारं नाव.

गोष्ट सुरू होते घरापासून. नायिका जी-हो तीस वर्षांची, सोलच्या नामांकित विद्यापीठातून शिकलेली, मालिकांच्या लेखकांच्या हाताखाली राबणारी. धाकटा भाऊ बायको घेऊन येतो आणि वडिलांच्या हिशेबात घर अर्थातच मुलाचं. जी-हो बॅग उचलते. नायक से-ही एका डेटिंग ॲपच्या कंपनीत नोकरीला. त्याचं स्वतःचं घर आहे, पण पगाराचा मोठा घास कर्जाच्या हप्त्यातच जातो, म्हणून भाडेकरू हवा. अट एवढीच की कचरा नीट वेगळा करावा आणि मांजराला खायला घालावं. दोघांची नावं आपल्या 'किरण' किंवा 'सुहास'सारखी, बाईचीही आणि पुरुषाचीही. त्यामुळे तिला वाटतं घरमालक बाई आहे, त्याला वाटतं भाडेकरू पुरुष आहे. पुढे दोघं दोन वर्षांच्या करारावर लग्न करतात, ते प्रेमासाठी नव्हे, छपरासाठी.

इथे माझ्यातली बँकवाली जागी झाली. कोरियात 'चोन्से' नावाची पद्धत आहे. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम अनामत म्हणून मालकाकडे ठेवायची, बहुधा दोन वर्षांसाठी, आणि महिन्याचं भाडं शून्य. आपल्याकडे मुंबईत 'हेवी डिपॉझिट'वर घर घेतात, त्याचाच थोरला भाऊ. एवढी रक्कम एकट्या पगारदार मुलीनं आणायची कुठून? तिथल्या तरुणांना 2011 च्या सुमारास 'साम्पो' पिढी हे नाव पडलं. साम म्हणजे तीन. प्रेम, लग्न आणि मूल, तिन्हींवर पाणी सोडलेली पिढी. 2023 साली त्या देशाचा जननदर 0.72 वर आला होता, म्हणजे दर बाईमागे एकसुद्धा मूल नाही. ही मालिका त्या आकड्याच्या आतल्या घरात कोण राहतं ते दाखवते.

मला सगळ्यात भिडला तो मधला एक भाग. सासरच्या वर्षश्राद्धाला जी-हो जाते आणि दिवसभर स्वयंपाकघरात राबते. करारात हे कुठेच नव्हतं. फोन आला, नाही म्हणता आलं नाही, एवढंच. हे 'नाही म्हणता आलं नाही' मी तीस वर्षं केलंय, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचा चांगुलपणाचा थकवा लगेच ओळखला. नवरा काय करतो? सॉरी म्हणून मोकळा होत नाही. हिशेबाला पक्का माणूस, तो श्रमाची फेड श्रमानं करायला तिच्या माहेरी नामहेला किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट, आंबवलेल्या लोणच्याच्या, घाऊक कामाला जातो. थंडीच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून वर्षाची किमची घालण्याच्या त्या प्रथेला 'किमजांग' म्हणतात. 2013 मध्ये युनेस्कोनं ती आपल्या यादीत घेतली. आपल्या उन्हाळी वाळवणासारखंच ते, बायकांच्या पाठी मोडणारं. धोंड्याचं वाण घेऊन तृप्त होणारे जावई मी पुष्कळ पाहिले. कोबीच्या ढिगापुढे बसलेला जावई पहिल्यांदाच पाहिला. मुलगी हसत होती, मी नव्हते.

जी-होच्या मैत्रिणींच्या गोष्टीही तितक्याच जोरकस. सू-जी मोठ्या कंपनीत पुरुष सहकाऱ्यांचे घाणेरडे विनोद गिळत बसते, कारण घरी एकटी, व्हीलचेअरवरची आई आहे. हो-रांग गच्चीवरच्या खोलीत वर्षानुवर्षं एकाच मित्राबरोबर राहते आणि तिला फक्त लग्न हवंय. मुलगी तिला मागासलेली म्हणाली. मला नाही वाटली. तिघींपैकी कुणालाही मालिका शहाणी किंवा वेडी ठरवत नाही.

सगळं पटलं असं नाही. शेवटाकडे करार मोडायचं जी-होच ठरवते आणि मग जो लपंडाव चालतो, तो मला लांबवलेला वाटला. एवढी सरळ बोलणारी माणसं अचानक कोडी का घालू लागली, कळलं नाही.

आणखी एक गोष्ट. नवरा-बायको झाल्यावरही ती दोघं एकमेकांशी अहो-जाहोच बोलतात, ती त्याला आणि तोही तिला. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सारं एका 'यू'त बुडतं. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' आयते हजर आहेत. या मालिका मराठी सबटायटलसह मिळाल्या तर माझ्या वयाच्या बायका लेकी-सुनांच्या मदतीशिवाय त्या पाहतील. पुरवणीनं हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त वाचक, सातारा

ता. क. मांजराला से-ही नुसतं 'मांजर' म्हणायचा. जी-हो त्याचं नाव 'ऊरी' ठेवते, म्हणजे 'आपण' किंवा 'आमचं'. कोरियन माणूस 'माझी आई' म्हणत नाही, 'आमची आई' म्हणतो. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको.