देणगी कुटुंबाची, जबाबदारी राज्याची: मेरीलँडच्या गव्हर्नरांना खुले पत्र

माननीय गव्हर्नर वेस मूर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची. गेली २६ वर्षे बाल्टिमोरच्या परिसरात राहते आणि त्यांतली २२ वर्षे एका जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून आता निवृत्त झाले आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीतून ते जाहीर करण्याचे कारण असे की, मेरीलँडमधल्या आमच्या मराठी कुटुंबांतली मुले याच विद्यापीठांत आणि याच प्रयोगशाळांत शिकतात. पण शेजारच्या बाकावर बसलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथवर कसा पोहोचला, त्याच्या वाटेत काय काय आडवे आले, याची आमच्या घरांत फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी, असे मला मनापासून वाटते.

विषय मेयरहॉफ शिष्यवृत्तीचा, म्हणजे कृष्णवर्णीय मुलांना विज्ञानात आणण्यासाठी सुरू झालेल्या कार्यक्रमाचा आहे. १९८८ मध्ये रॉबर्ट आणि जेन मेयरहॉफ या बाल्टिमोरच्या दांपत्याने मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेला, म्हणजे यूएमबीसीला, ५,२२,००० डॉलरची देणगी दिली. रॉबर्ट मेयरहॉफ हे बांधकाम व्यावसायिक. कृष्णवर्णीय तरुण मुलगा टीव्हीवर दिसतो तो एक तर गुन्ह्याच्या बातमीत नाहीतर खेळाच्या मैदानावर, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करत होती. त्याच सुमारास फ्रीमन ह्राबोव्स्की हे गणितज्ञ यूएमबीसीत आले होते. १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मुलांच्या नागरी हक्क मोर्चात सामील झाल्याबद्दल वयाच्या १२ व्या वर्षी पाच दिवस तुरुंगात राहिलेला हा माणूस, आपल्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी विज्ञानात मागे का पडतात, याचा छडा लावायला बसला होता. या दोघांची गाठ पडली आणि १९८९ मध्ये १९ कृष्णवर्णीय मुलांची पहिली तुकडी दाखल झाली. पुढच्याच वर्षी मुलींनाही प्रवेश मिळाला.

ही माहिती आपल्याला माझ्यापेक्षा अधिक असणार. तरीही ती मांडली, कारण या शिष्यवृत्तीचे यश म्हणजे एका उदार कुटुंबाची कृपा, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती अपुरी आहे, आणि आज तिच्यामुळेच नुकसान होण्याची भीती मला वाटते.

एका जून महिन्यात या कार्यक्रमातला एक मुलगा आमच्या प्रयोगशाळेत दहा आठवड्यांसाठी आला. पूर्व बाल्टिमोरचा, आई शहर बसवर चालक. पहिल्या आठवड्यात त्याला जेलच्या, म्हणजे डीएनए तपासायच्या पारदर्शक लगद्याच्या वडीच्या, बारीक खाचांमध्ये डीएनएचे नमुने भरायला शिकवत होते. पिपेटवरचा, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या नळीवरचा, अंगठा थरथरायचा, टोक खाचेच्या बाहेर जायचे आणि निळा रंग भोवतालच्या द्रावणात धुरासारखा पसरायचा. तीनदा असे झाले. चौथ्यांदा त्याने डावा हात उजव्या मनगटाखाली टेकवला, श्वास रोखला आणि बाराच्या बारा खाचा भरल्या. मग मान वर न करताच म्हणाला, "आज जरा उशिरापर्यंत थांबलो तर चालेल का?" मागच्या सत्रात सेंद्रिय रसायनशास्त्रात त्याला 'सी' श्रेणी मिळाली होती. 'सी' म्हणजे नापास नव्हे, पण पुढे डॉक्टरकी किंवा पीएचडी करायची तर पाया कच्चा राहून चालणार नाही, म्हणून तो विषय पुन्हा घे, असे त्याला कार्यक्रमातल्या लोकांनी सांगितले होते. त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता, कारण त्याच्या तुकडीतल्या आणखी दोघांनी तेच केले होते आणि रात्री नऊला ते तिघे एकत्र अभ्यासाला बसत.

दर शुक्रवारी दुपारी मला एक फोन यायचा. त्याच्या सल्लागार बाई विचारायच्या: मुलगा वेळेवर येतो का, जेवतो का, प्रश्न विचारतो का, की नुसता मान डोलावतो? एकदा त्यांनी मला स्पष्टच सांगितले की, तो गप्प झाला तर त्याला समजले आहे असे धरून चालू नका, लगेच मला कळवा. २२ वर्षांत आमच्याकडे कितीतरी विद्यार्थी येऊन गेले. दुसऱ्या कुणासाठी असा फोन आल्याचे मला आठवत नाही.

मेयरहॉफ कार्यक्रमाचे खरे बळ या फोनमध्ये आहे. महाविद्यालय सुरू होण्याआधीची सहा आठवड्यांची उन्हाळी शाळा, पहिल्या वर्षी सर्वांनी एकाच वसतिगृहात राहणे, एकट्याने नव्हे तर गटाने अभ्यास करण्याची सक्ती, लवकरात लवकर खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत काम, पालकांची संघटना आणि मुलावर सतत लक्ष ठेवणारी माणसे, हे सगळे मिळून तो कार्यक्रम होतो. शिष्यवृत्तीला देणगीदाराचे नाव लागते आणि ते लागावेच. पण त्या सल्लागार बाईंच्या पगाराला कुणाचेच नाव लागत नाही. तो पगार, उन्हाळ्यातली विद्यावेतने, प्रयोगशाळेतली जागा यांचा भार सार्वजनिक विद्यापीठावर आणि संशोधनासाठी मिळणाऱ्या अनुदानांवरच येतो.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. या कार्यक्रमासाठी निवड होऊनही जे दुसरीकडे गेले, त्यांच्याशी तुलना केली तेव्हा मेयरहॉफचे विद्यार्थी विज्ञानातल्या पीएचडी किंवा एमडी-पीएचडीकडे (डॉक्टरकी आणि संशोधन एकत्र) वळण्याचे प्रमाण सुमारे पाचपट आढळले. २००८ मध्ये इथून पदवी घेतलेल्या किझमेकिया कॉर्बेट यांनी बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मॉडर्नाच्या कोविड लशीमागचे संशोधन केले. ती लस पुढे मिरजेतल्या माझ्या भावाला मिळाली नसली तरी मला इथे मिळाली. देशाचे माजी सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारच्या वतीने बोलणारे प्रमुख डॉक्टर, जेरोम अॅडम्स हेही मेयरहॉफचेच, आणि आपल्याच राज्यातले.

ही संधी नसली की काय होते, याचे उदाहरणही बाल्टिमोरमध्येच आहे. व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तरुणाने सुतारकाम करून महाविद्यालयासाठी पैसे साठवले होते. महामंदीत बँक बुडाली आणि शिक्षण तिथेच संपले. १९३० मध्ये ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधन साहाय्यकाचे, पण वेतनश्रेणी सफाई कामगाराची. पुढे दोघेही बाल्टिमोरला आले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी इथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळावर ब्लेलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठे आणि कसा घालायचा ते सांगत होते, कारण प्राण्यांवर ते तंत्र त्यांनीच बसवले होते. त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली ती १९७६ मध्ये. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा काही पुरी झाली नाही. आज हॉपकिन्समध्ये त्यांच्या नावाने १५ कोटी डॉलरचा कार्यक्रम आहे, तो न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांच्या देणगीतून २०२१ मध्ये उभा राहिला. थॉमस यांची तेव्हाची गरज त्याच्या तुलनेत किती लहान होती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मी ज्या भाषेत हे लिहिते आहे त्या भाषेतल्या माणसांना या गोष्टी परक्या नाहीत. १८७३ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे आपले पुस्तक, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली म्हणून भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. एका शिष्यवृत्तीने काय घडते, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणूनच खासगी दानाची मर्यादाही आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करते. १९१० मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल आला. त्यात सात कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी फक्त हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवण्याजोगी ठरवली गेली, आणि धनिकांचा पैसा पुढे अहवालाच्या पसंतीच्या संस्थांकडे गेला. उरलेली पाच बंद पडली. ती चालू राहिली असती तर त्यांतून सुमारे ३५,००० डॉक्टर अधिक बाहेर पडले असते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी अतोनात काम केलेला, ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतींचा निधी त्यांच्याच इच्छेनुसार सगळा खर्च होऊन १९४८ मध्ये बंद झाला. २०२४ मध्ये ब्लूमबर्ग यांनी हॉवर्ड, मेहॅरी, मोरहाउस आणि चार्ल्स ड्रू या चार वैद्यकीय संस्थांना ६० कोटी डॉलर दिले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण द्यायचे की नाही, कुणाला आणि किती, हे शेवटी देणारा ठरवतो. घेणाऱ्या मुलाच्या हाती त्यातले काहीच नसते.

आज देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, तर डॉक्टरांमध्ये जेमतेम ६ टक्के आहेत. आपल्या राज्यात तर दर दहा माणसांत तीन कृष्णवर्णीय आहेत. अशा वेळी २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 'मार्क'सारखे, अल्पसंख्य विद्यार्थ्यांना पदवीच्या काळातच संशोधनाकडे आणणारे जुने प्रशिक्षण कार्यक्रम बंद केले. त्याच वर्षी जुलैत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी 'ग्रॅड प्लस' हे पदवीनंतरच्या शिक्षणाचे केंद्रीय कर्ज संपवले आणि वैद्यकीय शिक्षणासाठीच्या केंद्रीय कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातली. खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचा चार वर्षांचा खर्च ३,००,००० डॉलरच्या वर जातो. मधली रक्कम ज्याचे आईवडील भरू शकतात तो भरेल. बस चालवणारी आई कुठून भरणार?

आपण गव्हर्नर होण्यापूर्वी गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या रॉबिन हूड प्रतिष्ठानाचे प्रमुख होतात. देणगीदारांचा पैसा कुठवर पुरतो आणि कुठे सरकारलाच उभे राहावे लागते, हे आपण दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. त्या अनुभवाला स्मरून माझी विनंती अशी आहे की, यूएमबीसी आणि राज्यातल्या ऐतिहासिक (मुळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या) विद्यापीठांमध्ये विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी नेमलेले सल्लागार, उन्हाळी वर्ग आणि प्रयोगशाळेतली विद्यावेतने यांच्यासाठी राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र आणि कायमची तरतूद करावी, म्हणजे देणगी कमी-अधिक झाली किंवा केंद्राचे अनुदान थांबले तरी ही माणसे जागेवर राहतील. यात कायद्याची अडचण येण्याचे कारण नाही. मेरीलँड विद्यापीठाची केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेली बॅनेकर शिष्यवृत्ती १९९४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवल्यानंतर, मेयरहॉफ कार्यक्रम १९९६ पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुला आहे आणि तरीही त्याने आपला मूळ हेतू सोडलेला नाही. आमची मराठी मुलेही त्यात अर्ज करू शकतात, हे आवर्जून सांगते.

दुसरे असे की, वंचित भागांत काम करणाऱ्या डॉक्टरांचे कर्ज फेडायला मदत करणारी योजना राज्याकडे आहे. तिचा लाभ डॉक्टर झाल्यावर मिळतो, आणि नव्या कर्जमर्यादेची झळ मात्र डॉक्टर होण्याच्या आधीच बसणार आहे. तेव्हा पुढे मेरीलँडमध्येच सेवा देण्याची हमी घेऊन त्या मदतीचा काही भाग शिकत असतानाच देता येईल का, याचा विचार व्हावा.

अंदाजपत्रक जानेवारीत विधिमंडळापुढे जाते. त्याआधी एखाद्या शुक्रवारी दुपारी आपण यूएमबीसीत यावे, छायाचित्रकारांना बाहेर थांबवून एखाद्या सल्लागाराच्या टेबलापाशी अर्धा तास बसावे आणि त्यांचे फोन ऐकावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
केटन्सव्हिल, मेरीलँड