टोरोंटो–विनिपेग उड्डाण रद्द झाल्याबाबत आणि हातातली बॅग काढून घेतल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
प्रवासी तक्रार विभाग, मुंबई कार्यालय

पुणे, दि. १२ मार्च २०२५

विषय: दि. ३ फेब्रुवारी २०२५ चे टोरोंटो–विनिपेग उड्डाण, त्याच्या रद्द होण्याची दिलेली तीन वेगवेगळी कारणे व बॅगेतील वस्तूंचे नुकसान.

महोदय/महोदया,

गेल्या महिनाभरात मी आपल्याला इंग्रजीतून चार ईमेल पाठवले. चारही वेळा एका अक्षराचाही फरक नसलेलं उत्तर आलं: उड्डाण हवामानामुळे रद्द झालं, कंपनीच्या हातात काही नव्हतं, सदिच्छा म्हणून १०० डॉलरचं कूपन स्वीकारावं. ते कूपन मी स्वीकारलेलं नाही. जे घडलं ते आता माझ्या भाषेत, पहिल्यापासून लिहीत आहे. इंग्रजी भाषांतर सोबत जोडलं आहे. हे पत्र कुणीतरी शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पुण्यात वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलेल्या आम्ही चौघी. त्यातल्या तिघी लग्नानंतर कॅनडाला गेल्या. एक किचनरला, एक ओटावाला, एक विनिपेगला. त्या इकडे येत राहिल्या, माझं मात्र तिकडे जाणं चाळीस वर्षं राहून गेलं. जायचं तर उन्हाळ्यात जा, ऐन जानेवारीत कशाला, असं घरचे सगळे म्हणाले. पण विनिपेगच्या मैत्रिणीला नात झालेली, तिची ही पहिली संक्रांत. तिचं बोरन्हाण करायचं आणि हलव्याचे दागिने मी करून न्यायचे, हे ती जन्मली त्याच दिवशी फोनवर ठरलं होतं.

दागिने बाजारात तयार मिळतात, हे मला ठाऊक आहे. मी हलवा घरी केला. मंद शेगडीवर पितळी परात, तीळ आणि खसखस, वरून चमच्याने थोडा थोडा पाक आणि बोटांनी सतत फिरवत राहणं. हवेत गारवा असला तरच काटा नीट फुलतो, म्हणून डिसेंबरात पहाटे उठून बसायचे. अकरा दिवस लागले. मग तो दोऱ्यात ओवून मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा आणि पायातले वाळे केले. हे सगळं आपल्याला सांगते, कारण आपल्या भरपाईच्या अर्जात ‘वस्तूच्या खरेदीची पावती’ असा रकाना आहे आणि तो मला भरता आलेला नाही.

संक्रांतीनंतर मी टोरोंटोला उतरले. पहिले दिवस किचनरला गेले, मग रेल्वेने ओटावाला. तिथे रिडो कालवा गोठलेला होता. ७.८ किलोमीटरचा तो बर्फाचा रस्ता, त्यावर दप्तरं पाठीला लावून स्केटिंग करत जाणारी मुलं आणि काठावर माझा हात घट्ट धरून चालणारी मैत्रीण, हे मी जन्मभर विसरणार नाही. परतीची गाडी पन्नास मिनिटं उशिरा निघाली. पण गाडीतल्या माणसाने प्रत्येक डब्यात येऊन सांगितलं की पुढे एका सांध्यात बर्फ अडकला आहे, तो काढायला माणसं गेली आहेत, इतका वेळ लागेल. डब्यात कुणी आवाज चढवला नाही. थंडीच्या देशात थंडीमुळे उशीर होणार, हे तिथे लहान पोरालाही कळतं. मलाही कळतं. माझी तक्रार उशिराबद्दल नाही, हे आपण कृपया लक्षात घ्यावं.

३ फेब्रुवारीला, सोमवारी, संध्याकाळी ५.४० चं आपलं उड्डाण होतं. विनिपेगला तिथल्या वेळेने ७.२५ ला पोचायचं. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. बोरन्हाण आणि संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करतात, त्यानंतर नाही. विनिपेगमधल्या मराठी घरांना आमंत्रणं गेली होती. मोठी बॅग मी किचनरलाच ठेवली आणि आठवड्यापुरती एक छोटी कॅबिन बॅग घेतली, ती मुद्दाम हातात ठेवता यावी म्हणून. तिचं माप आणि वजन आपल्या नियमात बसणारं होतं.

गेटवर आपल्या कर्मचाऱ्याने ती बॅग मागितली. विमान भरलेलं आहे, वरच्या कप्प्यांत जागा नाही. मी सांगितलं की आत साखरेची नाजूक वस्तू आहे, दाबली तर मोडेल, ओली झाली तर विरघळेल. निदान तेवढा डबा काढून मांडीवर घेते म्हटलं. मागे रांग होती. त्याने बॅगेला चिठ्ठी अडकवली आणि बॅग ओढून नेली. ‘विनिपेगला पट्ट्यावर मिळेल.’ चिठ्ठीचा अर्धा भाग माझ्याकडे आहे.

त्यानंतर विमानात बसायला कुणी बोलावलंच नाही. ६.१० ला फोनवर निरोप आला: हवामानामुळे उशीर. मी काचेतून पाहत होते. बर्फ पडत नव्हता, विमानं एकामागून एक उडत होती. सात वाजता गेटवरच्या बाई म्हणाल्या, वैमानिक दुसऱ्या विमानातून येत आहेत, ते आले की निघू. आठच्या सुमारास शेजारी बसलेल्या एका मुलाने फोनवर पाहिलं की दुसऱ्या एका कंपनीचं विनिपेगचं विमान ९.३० ला आहे आणि त्यात जागा आहेत. मी उठून काउंटरवर गेले आणि स्पष्ट विचारलं: मी स्वतःच्या पैशाने ते तिकीट काढू का? उद्या माझं पोचणं फार गरजेचं आहे. उत्तर मिळालं, ‘काढू नका, पंधरा मिनिटांत बोर्डिंग सुरू होतंय.’

मी विश्वास ठेवला. त्या मुलाने नाही ठेवला, तो गेला आणि त्या रात्री विनिपेगला पोचला.

आठपासून साडेदहापर्यंत एकही घोषणा झाली नाही. कॅनडाच्या नियमांप्रमाणे नवी वेळ ठरेपर्यंत दर अर्ध्या तासाने प्रवाशांना माहिती द्यायची असते. ११.५० ला उड्डाण रद्द झालं. तेव्हा काउंटरवर सांगितलं गेलं की वैमानिकांचे कामाचे तास संपले. माझ्या मागे उभ्या असलेल्या दोन प्रवाशांनी हे ऐकलं. त्यांची लेखी निवेदनं त्यांच्या परवानगीने सोबत जोडली आहेत. हॉटेल मागितलं तर पुन्हा ‘हवामान’ आलं, हवामानात हॉटेल देत नाही म्हणाले. १५ डॉलरचं खाण्याचं कूपन मिळालं, पण त्या वेळी उघडं असलेलं एकही दुकान ते घेत नव्हतं. किचनर तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास. मैत्रीण आणि तिचे यजमान मला सोडून घरी पोचले होते. मध्यरात्री सत्तरीच्या माणसांना बर्फाच्या रस्त्यावर पुन्हा बोलावणं माझ्या जिवाला पटलं नाही. मी खुर्चीवर बसून रात्र काढली. स्वेटर आणि थर्मल बॅगेत, आणि बॅग आपल्याकडे.

बॅग परत मागायला त्या रात्री मी तीन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, पट्ट्यावर येईल. आली नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, उद्या या. तिसऱ्या ठिकाणी संगणकात पाहून सांगितलं की बॅग विनिपेगला रवाना झाली. माझ्या भाच्याने बॅगेत एक ट्रॅकर घालून दिला होता. तो टोरोंटोचा विमानतळच दाखवत होता. मी फोन पुढे केला, तर त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. ट्रॅकर ७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तीच जागा दाखवत राहिला. रोजच्या पडद्याचे फोटो जोडले आहेत. त्याच दिवसांत आपल्या फोन सेवेने मला ‘बॅग वाटेत आहे’ असं पाच वेळा सांगितलं.

पुढचं तिकीट ५ तारखेचं मिळालं. रथसप्तमीचा दिवस मी किचनरच्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात बसून काढला. विनिपेगला पाहुणे आलेले, ते मागे कसे पाठवणार? त्यांनी बोरन्हाण उरकलं आणि मी ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. बाळाच्या आईचं माहेर युक्रेनियन वंशाचं, तिथलंच. तिने इंटरनेटवर पाहून काळ्या कापडाचं झबलं स्वतः शिवलं होतं. दागिने नव्हते म्हणून तिने रात्री बसून साध्या दोऱ्यात कुरमुरे ओवून हार केला. बोरांच्या जागी क्रॅनबेरी. बाळ हसत होतं. माझी मैत्रीण कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती.

५ तारखेला दुपारी १२.२० ला मी विनिपेगला उतरले, ठरलेल्या वेळेपेक्षा सुमारे ४१ तास उशिरा. बाहेर उणे २८. तिथे गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून त्या रात्री विजेच्या प्लगला लावून ठेवतात, अशी ती थंडी. अंगावरच्या एका जाकिटावर तिथे राहता येत नाही, त्यामुळे थर्मल, लोकरी पँट, मोजे आणि हातमोजे लगेच घ्यावे लागले. त्यांच्या १४२ डॉलरच्या पावत्या आहेत.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते. विनिपेगच्या विमानतळावर बॅगांच्या खिडकीत बसलेल्या आपल्या तरुण कर्मचारी मुलीने संगणक पाहिला, माझा फोन पाहिला आणि म्हणाली, ‘तुमची बॅग टोरोंटोहून निघालीच नाही. इथे आल्याची नोंद नाही. कधी येईल ते मी सांगू शकत नाही.’ दोन दिवसांत आपल्या कंपनीकडून ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. त्या मुलीला त्याबद्दल कुणी बोल लावू नये, उलट तिची नोंद घ्यावी.

बॅग ८ तारखेला घरी आली. बाहेरून ओली होऊन वाळलेली, चाक तुटलेलं. डब्याचं झाकण दबून आत गेलं होतं. मुकुटाचे तीन तुकडे. हार आणि कमरपट्ट्याला पाणी लागून काटा विरघळला होता आणि तो पाक हळदीकुंकवाला नेसायच्या चंद्रकळेवर उतरला होता. मैत्रिणीने उरलेला एक बाजूबंद बाळाच्या दंडाला बांधला आणि फोटो काढला. रथसप्तमी होऊन गेली होती, पण मी तिला अडवलं नाही.

आता आपल्या ‘हवामाना’बद्दल. १० फेब्रुवारीच्या आपल्या पहिल्या ईमेलमध्ये कारण दिलं होतं ‘सुरक्षिततेशी संबंधित’. त्यानंतरच्या चारही उत्तरांत ‘हवामान’. काउंटरवर ‘वैमानिकांचे तास’. एकाच उड्डाणाची ही तीन कारणं आहेत आणि तिथल्या कायद्यात प्रत्येकाचा अर्थ वेगळा होतो. कॅनडात २०१९ पासून लागू असलेल्या हवाई प्रवासी संरक्षण नियमांप्रमाणे, कारण कंपनीच्या नियंत्रणातलं असेल आणि सुरक्षिततेसाठी अपरिहार्य नसेल, तर नऊ तासांहून जास्त उशीर झाल्यावर मोठ्या विमानकंपनीने १,००० डॉलर द्यायचे असतात. कारण सुरक्षिततेचं असलं, तरी रात्रभर थांबावं लागणाऱ्या प्रवाशाला राहायची सोय द्यावीच लागते. या तिन्हींपैकी फक्त हवामानात या दोन्हींतून सुटका होते. कर्मचाऱ्यांची जुळवाजुळव ही सर्वसाधारणपणे कंपनीच्याच नियंत्रणातली बाब आहे, असं कॅनडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सीने, म्हणजे तिथल्या वाहतूक नियामक संस्थेने, २०२२ च्या एका निर्णयात म्हटलं आहे. ज्या संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच विमानतळावरून त्याच गावाला गेलं, त्या संध्याकाळचं हवामान फक्त आपल्याच विमानाला कसं आडवं आलं, याचं उत्तर मला हवं आहे.

बॅगेबद्दल मी ५ तारखेला विमानतळावर आणि नुकसानाबद्दल १० तारखेला लेखी कळवलं. म्हणजे नुकसानासाठी ७ दिवस आणि उशिरासाठी २१ दिवस या दोन्ही मुदतींच्या आत. विमानकंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल कराराप्रमाणे २८ डिसेंबर २०२४ पासून बॅगेबद्दलची ही जबाबदारी १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. मी त्यातला लहानसाच भाग मागते आहे: कपड्यांचे १४२ डॉलर, बॅग आणि चंद्रकळेची किंमत. हलव्याची किंमत मी लावलेली नाही, मला ती लावता येत नाही.

उशिराचे १,००० डॉलर नियमाप्रमाणे मिळावेत. उड्डाण रद्द होण्याचं खरं कारण, त्या दिवसाच्या नोंदींसह, आपल्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने लेखी मिळावं. नाजूक वस्तू हातात ठेवू द्या असं सांगणाऱ्या प्रवाशाची बॅग उघडूही न देता काढून घेण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला कोणत्या नियमाने आहे, तेही कळवावं. आणि माझ्या विनिपेगच्या मैत्रिणीला, तिच्या सुनेला आणि मुलाला उद्देशून दोन ओळींचं माफीपत्र द्यावं. पैशांच्या आधी ते आलं तरी चालेल. पत्ता सोबतच्या अर्जात आहे.

भरपाईच्या मागणीला ३० दिवसांत उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक आहे. पुन्हा तेच छापील उत्तर आलं, तर मी हे सगळे कागद एजन्सीकडे पाठवणार आहे.

मोडलेला मुकुट मी डब्यासकट पुण्याला परत आणला. तपासणीसाठी तो पाहायचा असेल तर आपल्या माणसाने घरी यावं, मी दाखवीन. डबा मात्र नेता येणार नाही.

आपली,
एक प्रवासी
(नाव, पत्ता व आरक्षण क्रमांक सोबतच्या अर्जात)

सोबत: तिकिटाची प्रत, बॅगेच्या चिठ्ठीचा अर्धा भाग, फोनवरचे निरोप, ट्रॅकरचे फोटो, दोन सहप्रवाशांची निवेदने, कपड्यांच्या पावत्या, डब्याचे व चंद्रकळेचे फोटो, इंग्रजी भाषांतर.