मनू, कुठल्या पुस्तकापासून सुरू करायचं

बडोदं

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की आई मला मराठीतली दहा क्लासिक पुस्तकं सांग, लिस्ट टाक व्हॉट्सॲपवर, मी एकेक संपवते. लिस्ट टाकली नाही मी, कारण तशा लिस्टा नेटवर ढिगाने आहेत आणि सगळीकडे तीच नावं, मृत्युंजय, ययाति, स्वामी, मग कोसला. त्यातलं एकही पुस्तक वाईट नाहीये गं, पण तू दिवसभर ऑफिस करून बेंगलोरच्या ट्रॅफिकमधून घरी येणार, जेवून रात्री दहाला पुस्तक हातात घेणार, शाळा तुझी इंग्लिश मीडियमची, मराठी आपण घरात बोललो खूप पण तुझं वाचून झालेलं कमी, अशात पहिलंच पुस्तक जाडजूड आणि जड भाषेचं आलं तर तू पन्नासाव्या पानावर खूण घालून ठेवशील आणि मनाशी ठरवशील की मराठी वाचणं आपल्याला काही जमत नाही. तसं होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून बसून सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं असं, की सुरुवातीला नाव किती मोठं आहे, अवॉर्ड मिळालंय का, हे बघूच नकोस. पुस्तक उघडायचं आणि पहिली दोन पानं खोलीत एकटी असताना मोठ्याने वाचायची. वाक्य तोंडात बसतंय, कोणीतरी समोर बसून सांगतंय असं वाटतंय, तर ते पुस्तक आत्ता तुझं. अडखळायला झालं तर ठेवून दे, दोन वर्षांनी घे, ते कुठे पळून जात नाही. क्लासिक म्हणजे तेच ना, थांबून राहतं ते.

या हिशोबाने मी तुला सगळ्यात आधी व्यंकटेश माडगूळकर देईन. 'माणदेशी माणसं' १९४९ चं आहे पण भाषा कालची वाटावी इतकी मोकळी, छोटी छोटी वाक्यं, एकेका माणसाचं एकेक चित्र. त्यात 'झेल्या' म्हणून एक आहे शाळेतल्या मुलाचं, तेवढंच आधी वाच आणि पुस्तक मिटून ठेव. मग 'बनगरवाडी'. ही १९५५ ची, पानं थोडी, शनिवार-रविवारमधे होईल. एक नवखा पोरगा मास्तर म्हणून धनगरांच्या वस्तीवर जातो, मुलं मेंढरांमागे गेलेली, शाळेत कुणी नाही, आणि हळूहळू तो त्या गावाचा होतो. मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो ते सगळं प्रकरण नीट सावकाश वाच, एकेक माणूस कसा राजी होतो, कोण काय बोलतं. लेखक मधे येऊन कुठेही सांगत नाही की बघा केवढं मोठं काम झालं. आणि मग पाऊस येत नाही. पुढचं तू वाच.

बनगरवाडी झाली की मधे दुसरं काही न घेता पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई' घे, आणि ती गुजरातीतच वाच. तुला गुजराती वाचता येतं हे केवढं मोठं आहे याची तुला कल्पना नाही मनू, पुण्यामुंबईच्या वाचकांना जे भाषांतरातून घ्यावं लागतं ते तुला थेट मिळतंय. १९४७ ची कादंबरी, काळू आणि राजूची, आणि त्यात तो छप्पनियाचा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा, इकडची म्हातारी माणसं नुसतं छप्पनियो म्हणायची. त्यातली बोली खेड्यातली आहे, सुरुवातीला अडेल, पण आपल्या भाजीवालीशी तू जशी बोलायचीस तसं मनात बोलत वाच म्हणजे उलगडेल. माणदेशातला दुष्काळ आणि गुजरातचा दुष्काळ लागोपाठ वाचलेस की दोन लेखक एकाच गोष्टीकडे किती वेगळं बघतात ते आपोआप दिसेल, मला समजावून सांगावं लागणार नाही. एक कमी बोलतो, दुसरा भरभरून.

आणि गुजरातीचं निघालंच आहे तर धूमकेतूंची 'पोस्ट ऑफिस' ही गोष्ट, 'तणखा' मधली, १९२६ चं पुस्तक. म्हातारा अली रोज पहाटे थंडीत पोस्टात येऊन बसतो, लग्न होऊन लांब गेलेल्या मुलीचं, मरियमचं पत्र येईल म्हणून, आणि तिथली माणसं त्याला वेडा ठरवतात. तू बेंगलोरला गेल्यानंतर मी ती परत वाचली आणि पूर्वी पोस्टमास्तरच्या बाजूने जे परिच्छेद भराभर वाचून टाकायचे तिथेच या वेळी थांबले. तुला कुठे थांबावंसं वाटतं ते मला कळव, खरंच कळव.

कथासंग्रहाबद्दल एक सांगते. तो कादंबरीसारखा सरळ वाचत सुटू नकोस. एका रात्री एक कथा, फार तर दोन. संपली की फोन हातात घ्यायचा नाही, दिवा बंद करून पडून राहायचं जरा. सलग पाच वाचल्या की सगळ्या एकमेकीत मिसळतात आणि महिन्याने एकही आठवत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या बाबतीत तर हे फारच खरं. जी. एं.चं नाव तू ऐकलंयस, तुझा तो कलीग 'काजळमाया' वाच म्हणून मागे लागलाय म्हणालीस. वाचशीलच, पण आधी नको. १९५९-६० चे 'निळासावळा' आणि 'पारवा' आधी. तिथे घरं आहेत, बहिणी, आत्या, गरिबी, धारवाड-बेळगावकडची माणसं, तुला धरायला काहीतरी आहे. 'रमलखुणा' मधे दोनच लांब कथा आहेत आणि तिथे माणसाचं गाव, घर सगळंच सुटलेलं आहे, त्यातून सुरुवात केलेली कितीतरी चांगली वाचणारी माणसं जी. एं.पासून कायमची लांब गेलेली मी पाहिलीत. 'डोहकाळिमा' म्हणून त्यांच्या निवडक कथांचं पुस्तकही आहे, पण मला वाटतं निवडक नंतर घ्यावं, लेखकाने स्वतः ज्या कथा एकत्र ठेवल्या त्या तशाच आधी वाचाव्यात.

'कळ्यांचे निःश्वास' मात्र तुला लगेच हवं. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलं आणि एवढा गदारोळ झाला की ही बाई कोण, हे खरंच बाईने लिहिलंय का, म्हणून लोक शोधत होते. त्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली, घर त्यांच्या पगारावर चालतं आणि त्यांच्या मनाचं कुणी विचारत नाही. भाषा आता जुनी वाटते, काही ठिकाणी भाबडीसुद्धा, पण घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीच्या मनातला राग इतक्या आधी कुणीतरी कागदावर आणला होता, हे तुझ्या वयात वाचायला हवं. आणि त्यांचे मिस्टर विश्राम बेडेकर, त्यांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, महायुद्ध तोंडावर, एक मराठी तरुण आणि हेर्टा नावाची ज्यू मुलगी. छोटीशी आहे. एका बैठकीत होते पण एका बैठकीत करू नकोस.

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं, कोसला आली त्याच वर्षीचं. त्यातली नावाचीच कथा उधन्याला घडते, सुरत सोडल्यावर आपण मुंबईला जाताना गाडीतून बघतो ते उधना स्टेशन. रेल्वेत नोकरीला लागलेला मुलगा खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. मी ती वाचली त्यानंतर त्या स्टेशनवरून जाताना मला पूर्वीसारखं नुसतं बाहेर बघत बसता आलेलं नाही. आपल्या घरात या विषयावर कमी बोललं गेलं, तू तरी वाच आणि बोल.

कोसला हवीच तर घे, पांडुरंग सांगवीकर तुझ्याच वयाचा आहे आणि पुण्याच्या हॉस्टेलचा भाग तुला आवडेल, पण त्याच्या बहिणीचा, मनीचा भाग येईल तेव्हा घाई करू नकोस. उद्धव शेळक्यांची 'धग' पण ठेव मनात, १९६० ची, वऱ्हाडी बोली आहे, कौतिक नावाची बाई संसार ओढत राहते, तीस-चाळीस पानांत कान सरावतो. ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या सध्या राहू देत, त्या कोणी ना कोणी तुला प्रेझेंट देईलच.

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' जाड आहे म्हणून घाबरू नकोस. ती 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून हप्त्याहप्त्याने आली होती, लोक आठवडाभर वाट बघायचे. तूही तशीच वाच, दर रविवारी थोडी प्रकरणं. यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते, लहानपणापासून, हसतखेळत, म्हणून पुढे केशवपनाचं येतं तेव्हा सहन होत नाही. ही विकत घेताना मात्र आत उघडून बघ, संक्षिप्त लिहिलेलं असेल तर घेऊ नकोस. कुठल्याच क्लासिकची संक्षिप्त आवृत्ती घेऊ नकोस, आणि प्रस्तावना शेवटी वाच, आपल्याकडचे प्रस्तावनाकार सगळी गोष्ट आधीच सांगून टाकतात.

मागच्या आठवड्यात सेंट्रल लायब्ररीत गेले होते, मांडवीला. वरच्या मजल्याच्या त्या काचेच्या फरशा, खालच्या कपाटांपर्यंत उजेड जावा म्हणून केलेल्या, तू लहानपणी त्यावर पाय ठेवायला घाबरायचीस. सयाजीराव महाराजांनी १९१० मधे अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपाल साहेबांना आणून राज्यभर लायब्रऱ्यांचं जाळं उभं केलं, आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायचे. मला नेहमी त्या पेटी भरणाऱ्या माणसाचा विचार येतो, ज्या गावाला आपण गेलोही नाही तिथे कोण वाचेल, काय आवडेल, हे त्याने कशावरून ठरवलं असेल. निदान मला माझी वाचणारी माहितेय.

तर 'माणदेशी माणसं', 'बनगरवाडी' आणि 'पारवा' उद्या कुरिअरने निघतील, 'मानवीनी भवाई' तुझे बाबा रावपुऱ्यातून आणतायत. 'कळ्यांचे निःश्वास' आपल्या घरचंच देतेय, बाइंडिंग सुटलंय, पानं सांभाळून उलट आणि दिवाळीला येशील तेव्हा परत आण. पेन्सिलने खुणा कर हवं तर, पेनने नको. बाबा म्हणतायत सोबत लीलो चेवडो पण टाक, पण तेल लागेल पुस्तकांना, तो वेगळा पाठवू.

तुझी,
आई