सुमे, तुझ्या मनगटावरचा डाग अजून आहे का?

प्रिय सुमे,

पोळ्यापासून तुझे तीन फोन आले अन् मी एकही उचलला नाही. पहिल्यांदा शेतात होते, ते खरं. बाकी दोन वेळा फोन हातात होता, तुझं नाव दिसत होतं, तरी वाजू दिला. रागावली असशील तर राग, पण हे वाचून झाल्यावर. रात्रीचे साडेअकरा झालेत, सगळे झोपलेत, मोबाईलवरच टाईप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नको, तुझी सवय मला माहीत आहे.

तब्येती ठीक. ह्यांची शुगर, माझी कंबर, आत्याबाईंचा मोतीबिंदू, सगळं जिथल्या तिथं. सोयाबीन निघालं, भावाचं तुला माहीतच आहे.

मयूचं सांगायचंय.

महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री तिला तेल लावत होते. अमरावतीला इतकी वर्षं राहिली तरी घरी आली की पहिल्या रात्री माझ्या पुढ्यात येऊन बसते, काही न बोलता केसाचं रबर काढून माझ्या हातात देते. तशीच बसली होती. उजव्या कानाच्या वर भांग पाडला अन् बोट एकदम गुळगुळीत जागेवर गेलं. रुपयाएवढी जागा, एक केस नाही. खाज नाही, कोंडा नाही, लाल नाही, नुसती चकचकीत. कडेला दोन-चार केस होते, वर जाड अन् मुळाकडे बारीक होत गेलेले, हात लावला तर हातात आले. चाई पडली होती व. तिला माहीतच नव्हतं.

तुळशीच्या लग्नानंतर तिचं साक्षगंध ठरलंय. माझ्या डोक्यात पहिला विचार साक्षगंधाचा आला, पोरीचा नाही आला. हे मी अजून कोणाला सांगितलं नाही.

तुला माहीत आहे गावात मला काय म्हणतात ते. तेलवाली काकू. अन् मला ते आवडतं, खोटं काहून बोलू. आपल्या खारपाणात विहिरीचं पाणी असं की साबण लावला तर फेसच होत नाही, साबण अन् पाण्यातला क्षार मिळून चोथा होतो अन् तो केसांवर बसतो, मग केस झाडूसारखे. वान धरणाचं नळाचं पाणी आलं तर आलं, ते पिण्यालाच पुरत नाही तर डोकं काय धुता. रिठ्याला त्या पाण्याचं काही होत नाही, फेस येतोच, चोथा धरत नाही. मी पाच-सहा रिठे, मूठभर शिकेकाई अन् आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजवते, सकाळी उकळून कुस्करून गाळते. अर्धं गाव तेच करायला लागलं. शाळेतल्या मॅडम, सरपंचाची सून, सगळ्या विचारायला येतात, कोंड्याला काय, मुरमाला काय, अन् मी सांगते. प्रत्येकीला एकच सांगत आले, झाडपाल्याचं आहे बाई, फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना. वीस वर्षं हे वाक्य म्हणतेय मी.

मग मी आबांची वही काढली. तीच, लाल कापडाची, जिच्यात तू आमटी सांडली होतीस अन् नाव माझं सांगितलं होतंस. त्यात चाईच्या पानावर एकच ओळ, "बिब्बा, मधातून." एवढंच. जुन्या ग्रंथांत ते आहेच, आबा मनाचं काही लिहीत नसत. घरात डब्यात बिब्बे होते, आत्याबाई ठेवतातच. सुई टोचून दिव्यावर धरला, ते काळं तेल थेंब थेंब वाटीत पाडलं, मध घातला अन् मयूच्या त्या जागेवर कापसानं लावलं. ती म्हणाली, आई जळजळेल का. मी म्हटलं, थोडं जळजळलं तरच केस येतात.

सुमे, तुला पुढचं सांगायची गरज नाही.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी खाज. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली तर कान सुजून दुप्पट, उजवा डोळा बंद, मानेपर्यंत बारीक पाणी भरलेले फोड, अन् उशीवर पिवळं पाणी. बिब्बा उतला. मी खोबरं वाटून लावलं, आत्याबाई तूप घेऊन धावल्या, अन् ती पोरगी ओरडली सुद्धा नाही, नुसती थरथरत होती. ह्यांनी शेजारची गाडी काढली अन् अकोल्याला नेलं.

त्वचेच्या डॉक्टर बाई होत्या, वयानं आपल्याएवढ्या. मयूला आधी सुई दिली, गोळ्या दिल्या, मग मला बाहेर बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं, पण नीट समजावून सांगितलं त्यांनी, अन् त्याचाच त्रास जास्त झाला. म्हणाल्या, चाई म्हणजे शरीराची रोग मारणारी शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते, कोणाचा संसर्ग नाही, अन् असा एखादा लहान चकता असला तर पुष्कळांचे केस वर्षभरात आपोआपही येतात. ऐकलंस का? काही लावलं नसतं तरी आले असते कदाचित. अन् बिब्बा, काजू, आंबा, चारोळी हे सगळं एकाच कुळातलं म्हणे. काजूच्या टरफलाचं तेल अंगावर उततं, आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतात, ते ह्याच घराण्याचं. एकदा अंगानं ते ओळखलं की पुढच्या वेळी थोडक्यानंही उतू शकतं. म्हणजे मयूला आता आंब्याच्या चिकालाही जपावं लागणार. आपल्या बंधाऱ्यावरच्या कलमाचे आंबे, जे तोडायला सगळ्यात आधी झाडावर तीच चढायची.

फोड सुकले. कान उतरला. कानामागं अन् मानेवर काळा डाग राहिलाय, तो जायला महिने लागतील असं डॉक्टर म्हणतात. चाईवर त्या नंतर बारीक सुईनं इंजेक्शन देणार आहेत, आधी कातडी पूर्ण बरी होऊ दे म्हणाल्या. हे सगळं होऊन जाईल. पाहुण्यांना काय सांगायचं त्याचंही होऊन जाईल. हे म्हणतात काही सांगू नका, ओढणी आहेच डोक्यावर. मी म्हणते सांगायचं, अन् मयूनं तर मुलाला त्याच दिवशी फोटो पाठवला होता, आम्हाला काल कळलं! तो म्हणाला म्हणे, माझ्या मामाला पण झाली होती. झालं. आम्ही इकडं दोन आठवडे झोपलो नाही.

पण ती मला डोक्याला हात लावू देत नाही.

बोलते, जेवते, आत्याबाईंना गोळ्या देते, माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाली, तुला माझ्या हातावर आधी लावून बघावंसं नाही वाटलं का आई? मी काय सांगू? नाही वाटलं. उटण्याला मी सगळ्या गावाला सांगते की नवीन काही असलं तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, अन् माझ्याच पोरीला, बिब्ब्यासारखं जहाल, सरळ डोक्यावर.

तिला अकोल्याहून घेऊन आलो त्या रात्री मी आबांची वही पहिल्या पानापासून वाचली. कधीच वाचली नव्हती तशी, लागेल ते पान उघडायचं अन् बंद करायचं. चाईच्या चार पानं आधी बिब्ब्याचं वेगळं पान निघालं. त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात. शुद्ध केल्याशिवाय वापरू नये. देठाकडचं टोक कापून विटेच्या भुकटीत घासावा, तेल भुकटीत उतरू द्यावं, मग गरम पाण्यानं धुवावा. पित्ताच्या माणसाला नको, लहान मुलांना नको, गरोदर बाईला नको, उन्हाळ्यात नको. खाली दोन रेघा मारलेल्या. अन् मयूचा तर दर उन्हाळ्यात घोळणा फुटतो, तिच्याइतकं पित्ताचं घरात कोणी नाही.

आठवतं का, आबा तेल लावताना म्हणायचे ते, शिरःश्रवणपादेषु, डोकं, कान, पाय, इथं तेल विसरायचं नाही. वाग्भटाचं आहे, अष्टांगहृदयात दिनचर्येत. आपण दोघी ओसरीवर बसून ते गाण्यासारखं म्हणायचो, तू पादेषु म्हणताना मला लाथ मारायची. त्याच्या लगेच पुढं आहे की कफाच्या माणसानं, नुकतंच वमन-विरेचन झालेल्यानं, अजीर्ण झालेल्यानं तेल लावू नये. साधं तिळाचं तेल, त्यालाही नको कोणाला ते सांगून ठेवलंय. अन् डोक्यावर कढत पाणी नको, केसांचं अन् डोळ्यांचं बळ जातं, हेही तिथंच. आबांनी हे शंभरदा सांगितलं असेल. आपण पहिली ओळ पाठ केली अन् लाथा मारत बसलो.

यंदा नाल्याकाठी माका इतका माजला होता, विचारू नको. महालक्ष्म्यांच्या आधीच मी तेल केलं होतं, मयू येणार म्हणून. पाव किलो माका वाटून त्याचा गोळा, एक किलो घाण्याचं तिळाचं तेल, चार किलो रस, मोठ्या गंजात, मंद आचेवर, दोन दिवस. घरभर तो हिरवा कडवट वास. शेवटी तेलावर फेस आला तेव्हा सराट्यानं तळातला गाळ काढून बोटात वळला, त्याची वात झाली, ती विस्तवावर धरली, तडतडली नाही. तडतडली असती तर पाणी राहिलंय असं समजायचं. इतकी काळजी मी तेलाची घेतली. ती बाटली फळीवर आहे, उघडलेली नाही. मयूच्या खोलीत जाताना ती दिसते अन् मी मान खाली घालून जाते.

दिवाळीच्या उटण्याची चाळीस पुड्यांची मागणी आलीय. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, सगळं आणून ठेवलंय, दळलं नाही. करायचं ठरवलंय पण, अन् प्रत्येक पुडीत काय काय आहे ते लिहून चिठ्ठी घालणार आहे, अन् कोपराचंही लिहिणार. बेबीताई हसली, म्हणाली, उटण्याला काय चिठ्ठी लावते व, मेडिकल आहे काय? हसू दे.

सुमे, तुझ्या मनगटावरचा डाग अजून आहे का?

सातवीत होतो. परीट काका कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचे, ती कितीही धुतली तरी जात नाही, म्हणून आपण ठरवलं की आपलं नाव पण असंच लिहायचं. मारुतीच्या मागं. बिब्बा मी आणला, सुई मी आणली, तुझ्या मनगटावर "कुं" मी लिहिलं. माझ्या हातावर "सु" लिहायचं होतं, अन् तू सुई हातात घेतली तर मी पळाले. घरी पळून गेले. तिसऱ्या दिवशी तुझा हात फुगला, तुझ्या मायनं तुला मारलं, अन् तू म्हणालीस, मीच केलं, एकटीनं. आजपर्यंत कोणाला सांगितलं नाहीस. लग्नात तुझ्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा भाजलं म्हणालीस, मी शेजारी उभी होते. निळ्या ओढणीवरून आपण दोन वर्षं बोललो नाही, होस्टेलात तू जास्वंदीच्या पाल्याचा लेप लावून झोपलीस अन् रात्री दोन वाजता मुंग्यांनी सगळी खोली उठवली तेव्हाही तू माझ्याच नावानं ओरडलीस, पण ह्या डागावरून एकदा बोलली नाहीस. इतकी भांडकुदळ बाई तू, अन् हे एक नाही काढलं.

मला बिब्बा काय करतो ते माहीत होतं. हे मला मयूला सांगता येत नाहीये. तुझा हात मी बघितला होता, तरी मी लावला.

म्हणून म्हणते, भाऊबीज झाली की ये. दोन दिवस तरी ये. मयू तुझं ऐकते, लहानपणापासून मावशी म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. तिच्याजवळ बस, बाही वर कर अन् खरं सांग तो डाग कोणी केला, अन् मी पळाले हेही सांग. माझ्या बाजूनं बोलू नको. तिला जे विचारायचं असेल ते तिनं तुला विचारावं, माझ्यासमोर ती विचारत नाही. मी स्वयंपाकघरात राहीन, तुझ्यासाठी पातोडीची भाजी करत.

तुझं काहीच विचारलं नाही बघ. गुडघ्याचं ऑपरेशन करणार की नुसतं शेकत बसणार? अक्षयचं पुण्याला जमलं का? स्लॅब पडला असेल तर फोटो टाक. भाऊजींना नमस्कार.

येताना वायगावची हळद आण, दरवर्षीसारखी, पण ह्या वेळी दोन किलो जास्त. अकोल्याला उतरली की फोन कर, हे घ्यायला येतील. अन् ह्या वेळी मी उचलीन.

तुझी,
कुंदा

ता.क. आत्याबाई विचारतात, मागच्या संक्रांतीला लोणचं भरून नेलेला गंज कुठं आहे? झाकणासकट आण म्हणतात.