काढून टाकलेल्या पानथरीचं माप ९.८ सेंमी : सोनोग्राफी व एमआरआय रिपोर्टबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : आपल्या धुळे शाखेत झालेली पोटाची सोनोग्राफी आणि खुब्याचा एमआरआय, दोन्ही रिपोर्ट पुन्हा तपासून लेखी दुरुस्ती मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या धुळे शाखेने दिलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये माझ्या मुलीची पानथरी (प्लीहा, म्हणजे स्प्लीन) ९.८ सेंमी, आकार आणि पोत नॉर्मल, असं छापलं आहे. माझ्या मुलीला पानथरीच नाही. ती १७ वर्षांची आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची रुग्ण आहे. लहानपणी पानथरीत अचानक रक्त साठायचं, हिमोग्लोबिन धाडकन खाली यायचं, म्हणून सर्जननी ऑपरेशन करून ती काढली. त्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेलं होतं आणि ती फाइल काउंटरवर घेतली गेली होती. कार्ड वाचायला वेळ नसेल तर नसो, पण डाव्या बरगडीखाली आडवा व्रण आहे. जेल त्या व्रणावरच लावलं, मशीनचा प्रोब त्याच्यावरूनच फिरला. मी शेजारी उभा होतो. मशीनवरचे डॉक्टर एकीकडे कानाला फोन लावून बोलत होते.

फोनवर विचारलं तर आपल्या शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, "सर, टायपिंग मिस्टेक असेल." टायपिंगची चूक असती तर ९.८ च्या जागी ८.९ झालं असतं. नसलेल्या अवयवाला माप कसं फुटलं? ऑपरेशननंतर कधीकधी पानथरीचा बारीक तुकडा मागे राहतो आणि वाढतो, हे आमच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलं आहे. तसं काही दिसलं असतं तर रिपोर्टमध्ये तसं लिहायला हवं होतं, आणि आधीच्या ऑपरेशनचा उल्लेखही हवा होता. दोन्हीपैकी काहीच नाही. संगणकात साठवलेला तयार मजकूर काढायचा, नाव-वय बदलायचं आणि प्रिंट मारायची, एवढंच झालेलं दिसतं.

हा रिपोर्ट घातक का आहे तेही लिहितो. पानथरी नसलेल्या माणसाला साधा वाटणारा तापसुद्धा काही तासांत जिवावर बेतू शकतो, म्हणून ताप आला की थेट दवाखाना गाठायचा, अशी आम्हाला सक्त ताकीद आहे. उद्या रात्री-अपरात्री शहाद्यात नाहीतर नंदुरबारात एखाद्या नवीन डॉक्टरच्या हातात हा कागद पडला, तर त्यांनी काय समजावं?

आता एमआरआय. उजव्या खुब्यात दुखतं, लंगडत चालते, म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला हे एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. गोळा खचायच्या आत कळलं तर तो वाचवण्याचे उपाय करता येतात, खचल्यावर या वयात सांधा बदलायची वेळ येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं : दोन्ही खुबे. हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो.

आपल्याकडे बिल फाडलं एकाच खुब्याचं, आम्हाला न विचारता. रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला रोगाची सुरुवात असल्याचं आहे, डाव्याबद्दल चकार शब्द नाही. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. समोरून घेतलेल्या चित्रांत दोन्ही गोळे शेजारी शेजारी स्पष्ट आले आहेत. शाखेला विचारलं तर उत्तर मिळालं, "लेफ्टचे चार्जेस वेगळे आहेत." चित्र काढून झालंय, ते डोळ्यांसमोर आहे, तरी त्याकडे बघायचे पैसे वेगळे! सीडीत मूळ प्रतिमा नाहीत, नुसते निवडक फोटो आहेत, त्यामुळे दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवायचीही सोय राहिली नाही.

आणखी एक. पोट रिकामं हवं म्हणून उपाशी बोलावलंत, ते योग्यच. पण दुपार होईपर्यंत नंबर लागला नाही आणि पाणी मागितलं तर "पाणी पण चालणार नाही" म्हणून दटावलं. त्यानंतर एमआरआयच्या थंडगार खोलीत चादर मागूनही मिळाली नाही. शरीरातलं पाणी कमी होणं आणि गारठा, दोन्हींनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येतो. आमची पोरगी त्या रात्री पाय धरून रडत होती. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडचे किती सिकलसेलचे रुग्ण तपासणीसाठी धुळ्याला येतात! खान्देशात सेंटर चालवणाऱ्यांना हा आजार नवा नसावा.

माझं म्हणणं असं. दोन्ही तपासण्यांच्या प्रतिमा त्या डॉक्टरांऐवजी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टने पुन्हा वाचाव्यात आणि सहीनिशी दुरुस्त रिपोर्ट द्यावा, त्यात डावा खुबाही यावा, जादा पैसे न घेता. चुकीचा सोनोग्राफी रिपोर्ट रद्द केल्याचं लेखी कळवावं आणि त्याचे १,२०० रुपये परत करावेत. एमआरआयच्या सगळ्या मूळ प्रतिमा डायकॉम स्वरूपात (दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला संगणकावर पूर्ण तपासता येतील अशा मूळ फाइलींत) द्याव्यात. रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात, हे २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांत आहे. पैशापेक्षा मला डाव्या खुब्याचं उत्तर लवकर हवं आहे, कारण पुढचे उपचार त्यावर अडले आहेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काही झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. त्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो तिथेच दावा लावता येतो, तेव्हा तारखांना आपल्या माणसांना नंदुरबारला यावं लागेल.

सोबत : दोन्ही रिपोर्ट, बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पानथरीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, सर्वांच्या झेरॉक्स प्रती. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला,
रुग्णाचे वडील
ता. शहादा, जि. नंदुरबार