परसातल्या फरशीसाठी आभार

परसात पावसाळाभर चिखल असायचा. आता आई तिथे खुर्ची टाकून बसते. पैसे बेताचेच होते. बांधकामावर उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे ज्या दादांनी फुकट टेम्पोत चढवून दिले, त्यांचे आभार. आणि सगळा सिमेंटचा कोबा करण्यापासून ज्या गवंडीकाकांनी आम्हाला अडवलं, त्यांचे तर फारच. मुरमावर पाणी मारून धुम्मसाने ठोका, वर कच (खडीचा बारीक चुरा) पसरा, फरशीचे सांधे मोकळे ठेवा म्हणजे पाणी जमिनीत मुरेल, हे त्यांनी शेजारी उकिडवं बसून शिकवलं. नळीत पाणी भरून पातळीही स्वतः काढून दिली: दर ४ फुटांना १ इंच उतार, घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. मजुरी घेतली नाही. सांध्यांत लावायला दूर्वा देणाऱ्या शेजारच्या ताई, तुमचेही आभार. सगळेजण एकदा चहाला याच.